तळघरातली रेषा

मोजमापात डेसिबलरावांचा हात धरील असा माणूस पंचक्रोशीत नव्हता. हे मत खुद्द डेसिबलरावांचंच होतं, पण ते त्यांनी इतकी वर्षं इतक्या हळू आवाजात मांडलं होतं की ऑफिसात कुणाला ते खोडून काढावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना ते ऐकूच गेलं नव्हतं. डेसिबलराव हे नाव त्यांना या आवाजामुळेच पडलेलं. समोरासमोर बसलेल्या माणसालाही त्यांचं बोलणं ऐकायचं तर कानामागे हात न्यावा लागे.

कंपनी अँटेना बनवायची. बनलेली प्रत्येक अँटेना तळघरातल्या डेसिबलरावांच्या खोलीत यायची, आणि तिथल्या नेटवर्क अ‍ॅनालायझरने पास केली तरच बाहेर पडायची. नाव ऐकून दडपून जायचं कारण नाही. हे यंत्र केबलमधून लहरी सोडतं आणि किती लहरी पलीकडे पोचल्या, किती आपटून परत आल्या ते पडद्यावर रेषा काढून दाखवतं. पण केबलीही थोड्या लहरी खातात, जोडही खातात. म्हणून किराणावाला जसा वजन करण्याआधी काटा शून्यावर आणतो तसं या यंत्रालाही आधी शून्यावर आणावं लागतं. त्याला म्हणतात कॅलिब्रेशन. केबलचं तोंड एकदा उघडं ठेवायचं, एकदा बंद करायचं, एकदा लहरी गिळून टाकणारी टोपी त्यावर बसवायची, आणि शेवटी दोन्ही केबली एकमेकींना जोडायच्या. सगळं नीट झालं असेल तर पडद्यावरची रेषा निवांत तळ्यासारखी सपाट होते. मगच अँटेनाला हात लावायचा.

हे काम डेसिबलराव असं करत की पाहणाऱ्याला वाटावं, नव्या बाळाला न्हाऊ घालताहेत. जोड स्पिरिटने पुसायचे, फुंकर मारायची नाही, आवळताना पाना ‘टक’ म्हणाला की थांबायचं. पाहणारं अर्थात कुणी नव्हतं. तळघरात येण्यासारखं काही नव्हतंच.

घरीही तेच. बायको बँकेत. तिला बढती मिळाली आणि बढतीबरोबर बदली. ती आता दूरच्या गावी एका खोलीत राहायची. मुलगी लग्न होऊन त्याहून दूर गेलेली. डेसिबलराव संध्याकाळी घरी आले की आधी टीव्ही लावत आणि मग दुसऱ्या खोलीत जाऊन बसत. टीव्ही बघायचा नसे, घरात कुणाचा तरी आवाज हवा असे. बायकोचा फोन यायचा. जेवण झालं का, झालं. गॅस बंद केला का, केला. बरं, मग ठेवू? ठेव. बायको महिन्यातून एखादा रविवार यायची. तिच्या अंगात प्रवासाचा शीण असायचा, यांच्या अंगात आठवड्याची शांतता मुरलेली असायची. दोघं समोरासमोर बसून वर्तमानपत्राची पानं वाटून घेत. इतर रविवारी तर तोंड उघडायची वेळच येत नसे, त्यामुळे सोमवारी सकाळी डेसिबलरावांचा पहिला शब्द गंजलेल्या कडीसारखा करकरत बाहेर पडे.

मग केव्हा तरी ते यंत्राशी बोलायला लागले. सुरुवात ‘चला, झालं’, ‘हं, आता दुसरी’ अशा सुट्या शब्दांनी झाली. पुढे पडद्यावरच्या रेषेशी बोलणं निघालं, कारण यंत्रात जिवंत दिसणारी वस्तू तीच होती. आणि आश्चर्य म्हणजे खोलीत कुणी नसलं की डेसिबलरावांचा आवाज चांगला खणखणीत निघायचा. काल दूध नासलं, शेजाऱ्यांनी जिन्यात सायकल लावली, मुलीच्या फोटोत ती वाळलेली दिसते, सगळं ते रेषेला सांगत. पडद्याकडे वाकून, अगदी घरच्या माणसाला सांगावं तसं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना तळघरातला पाण्याचा पाइप फुटला.

यंत्र ज्यावर असायचं तो पाइपखालचा जुना दगडी ओटा काढावा लागला. त्याच्या जागी भांडारातून दोन टेबलं आली. ती शेजारी शेजारी लावली, एकावर यंत्र ठेवलं, दुसऱ्यावर अँटेना धरायचा सांगाडा, आणि दोन्हींच्या मध्ये केबली. नेमक्या त्याच आठवड्यात एक मोठी ऑर्डर मोजायला आली. मच्छिमारी बोटींवर बसवायच्या अँटेना. बोट संकटात सापडली तर तिची हाक किनाऱ्यापर्यंत पोचवायचं काम त्यांचं. डेसिबलरावांनी साहेबांना सांगून टाकलं, परवापर्यंत सगळ्या मोजून देतो, माझ्या मोजमापावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. साहेबांनी त्यांना ते पुन्हा जरा मोठ्याने सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी कॅलिब्रेशन झालं आणि रेषा हलली.

फार नाही, केसभर. क्षणभर थरथरली आणि पुन्हा सपाट झाली. डेसिबलरावांनी सगळं पहिल्यापासून केलं. रेषा सपाट आली. त्यांनी समाधानाने पुढे वाकून तिला शाबासकी दिली, तर बाई पुन्हा थरथरली.

“काय गं रेषे,” ते म्हणाले, “माझं काही चुकलं का?”

नेमक्या त्या वेळी सफाईवाल्या मावशी दाराबाहेर जिना पुसत होत्या.

मावशी वाईट स्वभावाच्या मुळीच नव्हत्या. पण हातात ओलं फडकं आणि कानावर असं वाक्य, माणूस करणार काय? त्या तिथेच थांबल्या. आतून, ज्यांचा आवाज त्यांनी कधी धड ऐकला नव्हता ते डेसिबलराव स्वच्छ म्हणत होते की परवापर्यंत तू बरी होतीस, आताच का अशी डळमळतेस, मला तुझ्याशिवाय कोण आहे इथे. मावशींनी बादली तिथेच सोडली आणि त्या वर स्वागतकक्षातल्या बाईंकडे गेल्या. दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसला कळलं होतं की तळघरात रेषा नावाची कुणी बाई येते.

यात चेष्टेपेक्षा कौतुकच जास्त होतं. इतका एकटा माणूस, त्याला कुणी तरी भेटलं, असंच बहुतेकांना वाटलं. वहिनींचं काय, हा प्रश्न स्वागतकक्षातल्या बाईंनी उपस्थित केला तेव्हा सगळे जरा गंभीर झाले. तेवढ्यापुरते.

इकडे डेसिबलरावांनी शोध सुरू केला होता. पहिला संशय मोबाइलवर. त्यांनी वर जाऊन सगळ्यांना आपापले फोन बंद करून एका प्लास्टिकच्या टबात टाकायची विनंती केली. विनंती कुणाला ऐकू गेली नाही म्हणून कागदावर लिहून भिंतीला लावली. फोन टबात गेले. ऑफिसने अर्थ लावला, फोटो काढले जाऊ नयेत म्हणून. रेषा हलतच राहिली. मग संशय लिफ्टवर गेला. तिच्या मोटरीने जमीन हादरत असेल, म्हणून लिफ्ट बंद. ऑफिसने अर्थ लावला, कुणी अचानक खाली येऊ नये म्हणून. साहेब वजनदार गृहस्थ, ते जिने चढून चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा त्यांना बोलता येईना, आणि बोलता येऊ लागलं तेव्हा जे बोलले ते इथे देता येण्यासारखं नाही. मग डबे गरम करायचा मायक्रोवेव्ह बंद झाला. त्या दिवशी सगळं ऑफिस गार जेवलं, आणि जे कौतुक होतं तेही गार झालं.

मावशींची माया मात्र आटली नव्हती. रोज त्या दाराबाहेरच्या स्टुलावर डेसिबलरावांचा चहा ठेवून जात. त्या दिवशी त्यांनी दोन कप ठेवले. दार उघडून डेसिबलरावांनी ते पाहिले आणि त्यांना भरून आलं. आपल्याला दुसरा कप आवडतो हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी दोन्ही कप आवडीने संपवले आणि विसळून बाहेर ठेवले. मावशींनी दोन्ही रिकामे कप वर नेऊन टेबलावर ठेवले. आता पुरावा काय द्यायचा आणखी?

संध्याकाळी साहेब स्वतः जिना उतरून खाली आले. खोलीत त्यांनी चहूकडे नजर फिरवली, कपाटामागेही पाहिलं. डेसिबलरावांना वाटलं, साहेब दोष शोधायला मदत करताहेत. त्यांनी पडदा दाखवला. रेषा सपाट होती. मग त्यांनी जवळ वाकून बोटाने दाखवलं, तेव्हा हलली.

“एवढंच?” साहेब म्हणाले. “अहो, केसभर हलते तर हलू द्या. समुद्रावर कोण बघायला जातंय?”

“समुद्रावरच बघतात, साहेब,” डेसिबलराव म्हणाले.

हे साहेबांना पहिल्याच खेपेला ऐकू गेलं. पण त्यांच्याही डोक्यावर बोटवाल्यांचा तगादा होता. उद्या संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर माल बाहेरच्या लॅबमधून मोजून घेऊ, असं त्यांनी सांगितलं. आणि मग यापुढे तिथूनच घेत जाऊ, ही खोली भांडाराला देऊन टाकू, तुम्हाला वर सगळ्यांच्यात बसवू. सगळ्यांच्यात बसवू हे त्यांनी आमिष म्हणून सांगितलं होतं. डेसिबलरावांना त्या रात्री झोप लागली नाही.

स्वागतकक्षातल्या बाईंनाही लागली नसावी. सकाळी त्यांनी मनाचा हिय्या करून वहिनींना बँकेत फोन लावला. आपण काही बोलायचं नाही, फक्त त्यांनी एकदा येऊन जावं एवढंच सुचवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्याप्रमाणे त्या म्हणाल्या, “वहिनी, काळजीचं काही कारण नाही, पण एकदा येऊन जा.” एवढ्या एका वाक्याने आजवर जगात जितक्या लोकांना घाम फुटला असेल तितका भूकंपानेही फुटला नसेल. वहिनींनी खोदून खोदून विचारलं. हृदयाचं काही आहे का, पडले का, बेशुद्ध आहेत का. बाई प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत गेल्या. शेवटी नाही म्हणण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्यांच्या तोंडून रेषाचं नाव निघून गेलं.

वहिनी दुपारी हजर झाल्या. बँकेतून तशाच निघालेल्या, गळ्यात बँकेचं ओळखपत्र लटकत होतं. लिफ्ट बंद होती, पण तळघराला जायला लिफ्ट लागत नाही. पुढे वहिनी, मागे स्वागतकक्षातल्या बाई, त्यांच्या मागे मावशी, अशा तिघी जिना उतरल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. दारावर पाटी होती, मोजमाप चालू आहे, आत येऊ नये. ती वाचून वहिनींचे ओठ घट्ट मिटले.

आतून आवाज येत होता. वहिनींना आधी तो ओळखूच आला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस एवढं सलग बोलू शकतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“रेषे, तुझ्यापायी मी सगळ्यांशी वाकडं घेतलं. फोन बंद केले, लिफ्ट बंद केली, लोकांना गार जेवायला लावलं. आज तू साथ दिली नाहीस तर ही खोली जाईल. घरी एक टीव्ही आहे, पण त्याला माझं ऐकता येत नाही. मग मी बोलायचं कुणाशी?”

वहिनींचा हात कडीपर्यंत गेला होता. तो तिथेच थांबला. त्यांनी मागे वळून दोघींकडे पाहिलं, आणि ते पाहणं असं होतं की दोघी आवाज न करता जिना चढून वर निघून गेल्या. मग वहिनींनी दार ढकललं.

डेसिबलरावांनी वळून पाहिलं. बायको, भर दुपारी, कामाच्या दिवशी, तळघरात. त्यांना काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. जे सुचलं ते बोलले.

“दार लाव आधी. एसीचा गारवा जातो.”

वहिनींनी दार लावलं. खोली बघितली. दोन टेबलं, एक खुर्ची, एक कपाट, एक यंत्र. त्यांनी टेबलाखालीही वाकून पाहिलं.

“कुठाय ती?”

“कोण?”

“रेषा.”

“ही काय,” म्हणत डेसिबलरावांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

काळ्या पडद्यावर एक पिवळी रेषा इकडून तिकडे गेली होती. वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. सकाळी नाव ऐकल्यापासून एक रेषा त्यांच्या डोळ्यांपुढे उभी होती, आणि बसच्या प्रवासात तिने चांगलंच अंग धरलं होतं.

“एवढीशी?” त्या म्हणाल्या आणि खुर्चीत मटकन बसल्या.

खोलीत खुर्ची एकच. डेसिबलराव बाजूला सरकून भिंतीशी उभे राहिले. आता काहीतरी बोलायला हवं हे दोघांनाही कळत होतं. बसला गर्दी होती का, असं विचारावं असं त्यांच्या मनात आलं, पण बस आता येऊन गेलेली होती, विचारून उपयोग काय. वहिनी ओळखपत्राच्या दोरीशी चाळा करत राहिल्या. यंत्राचा पंखा घोंघावत होता. असा बराच वेळ गेला.

आणि मग डेसिबलरावांच्या लक्षात आलं की रेषा हललेली नाही.

ते बघतच राहिले. सपाट! इस्त्री केल्यासारखी! दोन दिवसांत इतका वेळ ती अशी राहिली नव्हती. त्यांना राहवेना. ते पुढे झाले आणि वाकून तिला म्हणाले, “शाब्बास गं माझी...”

रेषा थरथरली.

“तुम्ही वाकलात की हलते,” वहिनी म्हणाल्या.

डेसिबलराव सरळ उभे राहिले. रेषा शांत. न बोलता वाकले, हलली. मागे झाले, शांत. मग ते गुडघ्यांवर बसले आणि टेबलं बघू लागले. पुढे वाकलं की त्यांचं पोट यंत्राच्या टेबलाला टेकत होतं, ते टेबल नखभर सरकत होतं, शेजारचं जागच्या जागी राहत होतं, आणि मधली केबल ताणली जात होती. दगडी ओट्याला असल्या पोटांची पर्वा नव्हती. सगळ्या ऑफिसचे फोन, लिफ्ट आणि जेवण बंद करणारा दोष डेसिबलरावांनी पट्ट्याखाली बाळगला होता.

त्यांना आनंद झाला, लाजही वाटली. ते हसत वहिनींकडे वळले. वहिनी हसत नव्हत्या.

“आणि तुम्ही वाकता कधी?” त्यांनी विचारलं. “बोलायचं असतं तेव्हा.”

“हो.”

“मी इतका वेळ समोर बसले होते, तेव्हा ती एकदाही हलली नाही.”

मोजमापाच्या बाबतीत वाद घालायला डेसिबलरावांना जागाच नव्हती. वहिनींनी काढलेला निष्कर्ष बरोबर होता आणि पुरावा दोघांच्या समोर पडद्यावर होता, पिवळा, निर्दोष.

वहिनींनी डोळे पुसले आणि विचारलं की अजून काम किती उरलंय. सगळंच, ते म्हणाले. मग दोघांनी टेबलं एकमेकांना दोरीने करकचून बांधली. डेसिबलरावांनी पुन्हा सगळं शून्यावर आणलं. संध्याकाळ व्हायच्या आत बोटींच्या अँटेना मोजून झाल्या. दोन नापास झाल्या, बाकी सगळ्या उत्तम. साहेब खाली येऊन आकडे बघून गेले, खोली भांडाराला द्यायचं काही बोलले नाहीत. जाताना वहिनींना नमस्कार करून म्हणाले की यांचा आवाज जरा वाढवता आला तर बघा. मावशींनी तीन कप चहा आणला. तिसरा कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, पण कप ठेवताना खोलीभर नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा जरा पडला.

वहिनींना दुसऱ्या दिवशी बँकेत हजर व्हायचं होतं. डेसिबलराव त्यांना सोडायला बसथांब्यावर गेले. बाकावर बसल्यावर वहिनी म्हणाल्या, “तिला सांगता त्याच्या निम्मं तरी मला सांगा. काहीही. मी ऐकते.”

काहीही म्हटल्यावर डेसिबलरावांना एकच विषय नीट येत होता. त्यांनी जोड पुसण्यापासून सुरुवात केली. धुळीचा एक कण केवढा घोटाळा करतो ते सांगितलं. वहिनी “हं” म्हणाल्या. त्या “हं”ने त्यांना बळ आलं. मग पाना आला, मग केबलींचे स्वभाव आले, त्यातून शेजाऱ्यांची सायकल आली, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज त्यांच्याही नकळत चढला, इतका की पलीकडच्या बाकावरच्या आजोबांनी कानयंत्राशी खुडबूड करून ते कमी केलं. मुलीचा फोटो आला तेव्हा वहिनींचं डोकं हळूच त्यांच्या खांद्यावर टेकलं. डेसिबलराव जागचे हललेसुद्धा नाहीत. इतकं बोललो आपण, आणि इतकं कुणी मन लावून ऐकलं.

एक बस येऊन थांबली. वाहकाने दारातून गावाचं नाव मोठमोठ्याने पुकारलं. डेसिबलरावांना त्याचा रागच आला. त्यांनी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं आणि खुणेनेच दाखवलं, बाई झोपल्या आहेत. वाहक समजूतदार होता. त्याने घंटीसुद्धा हळूच वाजवली.

बस वळणाआड गेली, आणि त्याने पुकारलेलं गावाचं नाव डेसिबलरावांच्या डोक्यात तेव्हा कुठे पोचलं.

ती वहिनींच्या गावची शेवटची बस होती. बायको शांत झोपली होती. ती उठली की तिला हे सांगावं लागणार, आणि हे तर तिलाच सांगायला हवं होतं, दुसऱ्या कुणाला सांगून भागणार नव्हतं. डेसिबलरावांनी घसा साफ केला, मनातल्या मनात वाक्याची जुळवाजुळव केली. इतका वेळ अखंड बोलत होते, पण आता पहिला शब्दच काही केल्या सुचेना.